कामातल्या चपला

“त्या कामात आहेत,” बाबा म्हणाले आणि पुन्हा हातातल्या पत्र्याकडे वळले.

मी आईच्या चपला मागत होते. चपला कामात कशा काय असू शकतात, असं मी विचारलं, तर म्हणाले, शाळेच्या नाटकाला लागल्यात, पेटीत ठेवल्यात, प्रयोग झाला की बघू. एवढं बोलून त्यांनी पत्र्याच्या कोपऱ्याला भोक पाडलं, त्यातून दोरी ओवली आणि तो एकदा हलवून पाहिला. घरभर गडगडाट झाला. शेजारच्यांचं बाळ दचकून रडायला लागलं. बाबांनी समाधानाने मान हलवली.

आई जाऊन चार महिने झाले होते. या चार महिन्यांत हा माणूस एकदाही रडला नव्हता. ती गेली त्याच आठवड्यात त्यांनी तिच्या कपड्यांची गाठोडी बांधून देऊन टाकली, मला न विचारता. मी भानावर येईपर्यंत कपाटातला तिचा कप्पा रिकामा. माझ्या हाती लागला तो फक्त तिच्या चाव्यांचा जुडगा, तोही तिच्या पर्समध्ये राहिला होता म्हणून. त्यात घराची चावी, तिच्या ऑफिसातल्या खणाची चावी आणि कशालाच न लागणारी एक जाडजूड पितळी चावी, जी टाकून द्यायला आई कधी तयार झाली नाही.

लोक म्हणायचे, बाबा खंबीर आहेत हो. मला खंबीर वगैरे काही वाटत नव्हतं. मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांना सुया टोचते. खंबीर माणसं कशी असतात ते मला चांगलं माहीत आहे, ती सुई टोचताना दुसरीकडे बघतात पण आतून हललेली असतात. बाबा हललेले दिसत नव्हते. आई गेल्याचं या माणसाला काही वाटतं की नाही, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि हे असं तोंडावर विचारायची आमच्या घरात सोय नव्हती. म्हणून मी चपला मागितल्या. तर त्या कामात.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नाटकासाठी शाळा त्यांना अजून बोलावते. त्या शाळेत हॉल नाही, रंगमंच नाही. मात्र प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक स्पीकरचा डबा आहे, सूचना द्यायला. बाबांनी तरुणपणी कधीतरी विचार केला की यातून सूचना ऐकू येते तर नाटक का नाही. तेव्हापासून दरवर्षी पोरं प्रयोगशाळेत एका माइकभोवती उभं राहून नाटक करतात, आणि बाकीची शाळा आणि पालक वर्गावर्गात बाकांवर बसून भिंतीकडे बघत ते ऐकतात. वारा, पाऊल, दार, सगळे आवाज पोरंच जागच्या जागी काढतात. आधी भरून ठेवलेलं काही नाही, यावर बाबांचा भारी कटाक्ष. मुलं त्यांना पाठीमागे खडखड सर म्हणतात. ते त्यांना माहीत आहे आणि आवडतंही.

लहानपणी मला या नाटकांचा जाम राग यायचा. आमच्या घरातली कुठलीही वस्तू कधीही कामावर रुजू व्हायची. चाळणी शोधावी तर ती शाळेत. छत्री शाळेत, कारण ती फटकन उघडली की पक्षी उडाल्यासारखं वाटतं. माझा नवा कोरा रेनकोट एकदा तीन आठवडे आग म्हणून राबला. आई करवादायची, “एक दिवस मलाही पेटीत घालून न्याल,” आणि बाबा मान वर न करता म्हणायचे, तू कसला आवाज करतेस ते आधी सांग. मग दोघंही हसायची. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

आई विजेच्या बिलाच्या खिडकीवर होती. संध्याकाळी दमून यायची. ती दारातून आत शिरायची तेव्हा चहाचं आधण नेमकं गॅसवर चढलेलं असायचं, रोज. ती विचारायची, तुम्हाला कसं कळतं हो? बाबा म्हणायचे, अंदाज. मला वाटायचं, दिवसभरात तेवढं एक काम येतं त्यांना, ते तरी वेळेवर करतात.

तर मी ठरवलं, आपणच शाळेत जाऊन चपला आणायच्या. लॅब सुटल्यावर गेले. प्रयोगशाळेच्या दारावर खडूने लिहिलं होतं, ‘श्वास हळू घ्या.’ आत सगळा पसारा. एका टेबलावर कडी-कोयंड्यासकट एक बुटकं दार उभं केलेलं. एका घमेल्यात खडी. कोपऱ्यात जुन्या कॅसेटींच्या फितींचा ढीग, त्यावर पाय दिला की गवतातून चालल्यासारखं वाटतं. लाकडी पट्ट्यांचं एक चाक, त्यावर चादर ताणलेली. हँडल फिरवलं की वारा सुटतो. बाबा मुलांना नावाने हाक मारतच नव्हते. वारा, तू उशिरा सुटलास. दार, झोपलास काय? कुत्रा, घसा जप, उद्या लागेल. आणि पोरंही आपली ‘हो सर’ म्हणत वारा आणि कुत्रा होऊन उभी होती.

नाटक मुलांनीच लिहिलेलं. घरात बहीण-भाऊ एकटे, दिवे गेलेले, बाहेर वादळ, आई अजून आलेली नाही. एकेक आवाज होतो आणि दोघं घाबरतात. शेवटी पावलं ऐकू येतात, आणि धाकटा म्हणतो, “ताई, आई आली.” संपलं. बाबा मुलांना सांगत होते की खरा आवाज माइकला खोटा वाटतो. खरी आग माइकसमोर पेटवलीत तर नुसतं फुसफुस होईल, आग पाहिजे असेल तर प्लास्टिक चुरगळा. मी हे लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की मी लक्ष न देता सरळ पेटीजवळ गेले, वाकले आणि चपला शोधायला लागले.

आणि माझ्या पाठीमागून आई चालत आली.

उजवं पाऊल नेटकं. डावं जरा मागून, गुडघ्याच्या दुखण्यामुळे, आणि ते टेकल्यावर चपलेच्या सुटलेल्या टाचेचा फट् असा एक आवाज. जिन्याने वर येणारी, घोळक्यातूनही ओळखू येणारी आई. माझ्या हातातून पेटीचं झाकण सुटलं. वळून पाहिलं तर एक चष्मेवाली पोरगी आईच्या तपकिरी चपला घालून फळीवर उभी होती, जीभ दातांत धरून. बाबा तिला सांगत होते, “डावा पाय उचलायचा नाही, आणायचा.” मग झाकण पडल्याबद्दल माझ्याकडे रागाने बघितलं.

मी एका स्टुलावर बसले. पोरीने पुन्हा चालून दाखवलं. ती फळीच्या टोकाला पोचली, खाली पिशवी ठेवल्याचा आवाज झाला, आणि तिने लगेच चाव्या उचलल्या. बाबांनी हात वर केला. इथे थांबायचं, म्हणाले. लगेच चावी नाही. बराच वेळ काही नाही. मग चावी. पोरीने विचारलं, “का थांबते सर ती? पोरं घरात घाबरलीयत ना?” बाबा म्हणाले, “थांबते.” बस्, एवढंच.

त्या पोरीला सगळे ‘पावलं’ म्हणत. पावलं पाणी प्यायला गेलीय, पावलंला बोलवा. मला हसू यायला हवं होतं.

त्या दिवशी मी चपला न घेताच परत आले. निघताना बाबांना व्हरांड्यात गाठून बजावलं की प्रयोग झाला की त्या माझ्या. बरं, म्हणाले. मला अजून रागच होता, पण तो नेमका कशाचा हे आता मला सांगता आलं नसतं. एका परक्या पोरीच्या पायातून आई चालते आणि मला, सख्ख्या मुलीला, तिच्या चपलेवर हात ठेवायला मिळत नाही, असं काहीतरी.

प्रयोगाच्या दिवशी मी सकाळची पाळी संपवून दुपारी शाळेत गेले. त्या दिवशी लॅबमध्ये एकाची शीर सापडेना, त्याने मला नको नको ते ऐकवलं होतं. डोकं ठणकत होतं. प्रयोगशाळेत मुलांची लगबग चालू होती, आणि तेवढ्यात पावलं धावत आली. चेहरा नुसता फुललेला. बाबांनी तिला सरावासाठी चपला घरी न्यायला दिल्या होत्या. तिने कागदातून त्या काढून सरांच्या पुढ्यात ठेवल्या. चकचकीत पॉलिश. पट्ट्याची उसवलेली शिवण नव्याने घातलेली. तिच्या काकांचं चपलांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. ती म्हणाली, सर, टाच तर निघायलाच आली होती, काकांनी दोन्हीला अख्खा नवीन सोल बसवून दिला, रबराचा.

ती चपला घालून फळीवर चढली आणि चालली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. काहीच ऐकू आलं नाही. मांजर गेल्यासारखं.

“वाजतच नाहीयेत,” वारा म्हणाला.

बाबांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. हे मी कामाच्या अनुभवावरून सांगते, रक्त उतरतं तेव्हा कसं दिसतं ते मी रोज बघते, आणि अशा माणसाला आधी बसवायचं असतं. मी स्टूल पुढे केलं. ते बसले. पावलंकडून त्यांनी डावी चप्पल मागून घेतली, उलटी केली, नव्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

“टाका फार सुरेख घातलाय,” ते म्हणाले. “काकांना सांग.”

पोरगी हुशार होती. तिला तेवढ्यात कळलं. मी तिला फाडकन बोलणार होते, वाक्य अगदी जिभेवर होतं, तर बाबांनी माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. पावलं पळत जाऊन हत्यारांच्या डब्यातून पेचकस घेऊन आली. मी काढते सर, सोल उचकटून काढते, पहिल्यासारखं करते, असं रडत रडत म्हणायला लागली.

“नको,” बाबा म्हणाले. “काढलास तरी तो आवाज येणार नाही. तो झिजून झिजून आला होता. आणि आता ती नीट झालीय. नीट झालेली गोष्ट कशाला मोडायची?”

मग त्यांनी शिक्षिकांच्या सँडल मागवल्या, शिपायाच्या चपला मागवल्या, पेटीतले तळ गेलेले जुने बूट काढले. एकेक घालून पावलं चालली. प्रत्येक वेळी फळीवर कुणीतरी दुसरंच चालत होतं. शेवटी मी म्हटलं, मी चालते. मुलगी आहे तिची, काहीतरी तर आलं असेल माझ्यात. मी माझ्या चपला घालून फळीवर चढले, डावा पाय आणला, उचलला नाही. बाबांनी डोळे मिटून ऐकलं.

“तू माझ्यासारखी चालतेस,” ते म्हणाले. “पहिल्यापासूनच.”

पोरं हसली. पावलंसुद्धा नाक पुसत हसली.

बाहेर पालक यायला लागले होते. बाबा व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, मी त्यांच्या मागे गेले. मला राहवेना. मी विचारलं की घरात एवढ्या टेपा, एवढे माइक, मुलांना ऐकवायला म्हणून वाऱ्याचे आणि कुत्र्यांचे आवाज भरून ठेवलेत, तिचं चालणं एकदाही टेप केलं नाहीत? बाबा कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होते.

“रोजच यायची ना,” ते म्हणाले. “रोज येणारी गोष्ट कोण टेप करतं?”

मग मी ते दुसरं विचारलं, पावलंने विचारलेलं. दाराशी थांबायची का ती? मी तर कधी पाहिलं नव्हतं. बाबा म्हणाले, तू कशी बघणार, तू आत असायचीस. बघायचं नव्हतंच ते, ऐकायचं होतं. दिवसभर खिडकीवर बसून लोकांची बोलणी खायची तिने, वीज कुणी वापरली आणि शिव्या कुणाला. जिना चढून यायची, पिशवी खाली ठेवायची, आणि थांबायची. कधी थोडा वेळ, कधी बराच. ते सगळं बाहेर ठेवायची आणि मग चावी लावायची. पहिल्या वर्षी ते एकदा दार उघडायला गेले होते, तर तिचा चेहरा पाहून त्यांनी ठरवलं की पुन्हा कधी उघडायचं नाही. तिचं तिला येऊ द्यायचं. पिशवी टेकली की नळ बंद करायचा, लायटर घ्यायचा, चहा टाकायचा. ती आत येईपर्यंत पाणी तापलेलं असायचं.

“अंदाज,” मी म्हटलं.

“अंदाज,” बाबा म्हणाले. मग हात पुढे केला. “तिच्या चाव्या आहेत ना तुझ्याकडे? दे जरा.”

मी पर्समधून जुडगा काढून दिला.

मी सहावीच्या वर्गात जाऊन बसले, बाकात गुडघे अडकवून. शेजारी कुत्र्याची आई होती. माझा मुलगा त्यात आहे, असं तिने मला दोनदा सांगितलं. डबा खरखरला आणि वारा सुटला. वारा अगदी वेळेवर सुटला. पत्र्याचा गडगडाट झाला तेव्हा पुढच्या बाकावरच्या बाईंनी खिडकीकडे बघितलं. कुत्रा भुंकला, त्याच्या आईने माझा दंड दाबला. बहीण-भाऊ घाबरले, फांदी मोडली, कौल घसरलं, वर्गात कुणी हसेना की खाकरेना. आणि मग सगळं एकदम थांबलं. वाराही थांबला.

पावलं नव्हतीच. नुसती पिशवी टेकली.

मग काही नाही. डब्यातून नुसती हलकी घरघर. खूप वेळ काही नाही. कुत्र्याची आई माझ्या कानाशी कुजबुजली, बिघडलं वाटतं. मी तिला गप्प राहा म्हणाले, जरा जोरातच. त्या भिंतीच्या पलीकडे आई दाराशी उभी होती. माझी खात्री होती. दमलेली, कुणाकुणाची बोलणी पोटात घेतलेली, आमच्यापर्यंत त्यातलं काही पोचू नये म्हणून थांबलेली. इतकी वर्षं मी आतल्या खोलीत अभ्यास करत बसले होते आणि ती अशी बाहेर उभी असायची.

मग चाव्या वाजल्या. आधी पितळी, मग बाकीच्या.

“ताई,” डब्यातून धाकट्याचा आवाज आला, “आई आली.”

टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत, रुमाल शोधत होते.

नंतर प्रयोगशाळेत गर्दी झाली. मुख्याध्यापिका बाबांना म्हणत होत्या की तो शेवटचा शांततेचा भाग जरा लांबला, पुढच्या वेळी बघा. बाबा हो हो म्हणाले. पावलंला त्यांनी जवळ बोलावलं आणि सांगितलं की आज तू जे थांबलीस ते चालण्यापेक्षा अवघड होतं. मग चपला वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून माझ्याकडे दिल्या, वर चाव्यांचा जुडगा ठेवला.

“घे,” ते म्हणाले. “आता यांना काम नाही.”

पेटी आणि पत्र्यासकट बाबांना मुख्याध्यापिकांच्या गाडीत बसवून दिलं. माझ्यासाठी जागा उरली नाही, मी चालत निघाले. वाटेत पाव घेतला, दूध घेतलं. रात्रीचं बाबा स्वतःहून काही करून खातील याची खात्री नव्हती.

जिना चढून दाराशी आले. आतून नळाचा आवाज येत होता, बाबा भांडी धूत असावेत. मी नेहमी बेल दाबते, दोनदा, लांब. म्हाताऱ्या माणसाने तेवढं तरी उठावं म्हणून. त्या दिवशी हात वर गेला नाही. पहाटेपासून उभी होते. सकाळच्या त्या माणसाचं बोलणं अजून डोक्यात होतं, आणि हे तोंड घेऊन बाबांसमोर जायचं नव्हतं. जरा श्वास घ्यावा म्हणून मी पिशवी खाली ठेवली. चाव्या वाजल्या.

आत नळ बंद झाला.

मग लायटरचा खट् असा आवाज आला. गॅस पेटला. मी जागच्या जागी उभी राहिले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा, मी आहे. पण तोवर आतून दुसराच आवाज यायला लागला होता. त्या घरात मी तो कधी ऐकला नव्हता, त्यामुळे कसला आहे ते मला लगेच कळलं नाही. मग कळलं. बाबा रडत होते. मोठ्याने, लहान मुलासारखे, श्वास तुटेपर्यंत.

मी आत गेले नाही. जिन्यावर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि तोंडावर हात दाबून धरला. वरच्या मजल्यावरचे कुणी उतरत होते, त्यांना मी हातानेच जा म्हणून खुणावलं.

पुष्कळ वेळाने नळ पुन्हा सुरू झाला. ते तोंड धूत होते. तो बंद होईपर्यंत मी थांबले. मग जुडगा पर्समध्ये टाकला, उठले आणि नेहमीसारखी दोनदा, लांब बेल दाबली.